गेटवरच्या ढोलपुरी दगडाचं वय काय? (वाळूचे दाणे, झिरकॉन आणि विंध्याचं भांडण)

गारगोटी

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेटच्या खांबांना लावलेल्या ढोलपुरी दगडावरून चर्चा चालली होती (पॉलिश करायचं की नाही). एका काकांनी मध्येच मला विचारलं, "तुझं जिऑलॉजी ना गं? मग सांग, हा दगड किती वर्षांचा? कार्बन डेटिंग करतात ना त्याला?" मी म्हटलं, "काका, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा असावा, आणि कार्बनने याचं काही कळत नाही." पार्किंगचा मुद्दा मांडायला उठलेले सेक्रेटरी दोन सेकंद तसेच उभे. मग पार्किंग सुरू झालं आणि माझं उत्तर अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करते.

कार्बनचं आधी उरकू. कार्बन-१४ चं अर्धायुष्य (म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं. पन्नासेक हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं काही उरत नाही, आणि मुळात ती वस्तू कधीतरी जिवंत असावी लागते: लाकूड, हाड, शिंपला. ढोलपुरी म्हणजे वाळू. तिथे कार्बन काय करणार?

ग्रॅनाइटसारख्या आगीतून आलेल्या दगडाचं वय काढणं त्यामानाने सरळ. रस थंड झाला, खनिजं गोठली, की घड्याळ सुरू. वाळूच्या खडकात गोची अशी की त्यातला जवळजवळ एकही दाणा तिथला नसतो. कुठला तरी डोंगर झिजला, नदीने दाणे वाहून आणले, वर गाळ साचला, दाबाने सगळं चिकटलं. दाण्याचं वय काढलंत तर त्या डोंगराचा पत्ता लागतो. भिंतीतल्या विटा कधी भाजल्या ते कळलं म्हणून घर कधी बांधलं ते कळत नाही. एवढं मात्र छातीठोक सांगता येतं की सगळ्यात नवी वीट भट्टीतून निघायच्या आधी ती भिंत उभी नव्हती. या एका वाक्यावर आमचा अर्धा धंदा चालतो.

आणि वीट म्हणून आम्ही बहुतेक वेळा उचलतो तो झिरकॉनचा दाणा. लांबी ०.१ मिमीच्या आसपास, म्हणजे मीठ याच्यापुढे खडीसाखर. हे खनिज बनताना झिरकोनियमच्या जागेवर थोडं युरेनियम आत घेतं, कारण दोघांचा आकार आणि विद्युतभार जुळतो. शिसं मात्र त्या जाळीत बसत नाही, ते बाहेर राहतं. म्हणून आज दाण्यात जे शिसं सापडतं ते जवळपास सगळं आतल्या युरेनियमचंच झालेलं. शिवाय हा दाणा महाचिवट. डोंगर झिजतो, फेल्डस्पारसारख्या खनिजांची माती होते, झिरकॉन नदीतून शेकडो किलोमीटर जाऊन तसाच. एका खडकातून सुटतो, दुसऱ्यात अडकतो, तो झिजला की तिसऱ्यात.

पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथला गोटे-वाळूचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा, पण त्यातला एक झिरकॉन निघाला ४४०.४ कोटी वर्षांचा. २००१ साली हे छापून आलं. पृथ्वी स्वतः साधारण ४५४ कोटींची. तो दाणा ज्या खडकात जन्मला तो आता पृथ्वीवर कुठेच नाही, फक्त दाणा राहिलाय.

शंकासुर

छान. पण एका दाण्यात युरेनियम ते किती असणार? ते मोजून वर "४४०.४" असा दशांश देता? आमच्याकडे वजनकाट्यावर मेथीची जुडी नीट मोजत नाहीत.

गारगोटी

रास्त शंका. ०.१ मिमीच्या दाण्याचं वजन ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. त्यात दशलक्ष भागांत २०० भाग युरेनियम धरलं तर एक नॅनोग्रॅम. पण नॅनोग्रॅम म्हणजेसुद्धा दोन लाख कोटींहून जास्त अणू, आणि वस्तुमान-वर्णपटमापक हे आमचं यंत्र अणूच मोजतं.

खरी मजा वेगळी आहे. युरेनियमची दोन समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) एकाच दाण्यात बसलेली असतात. २३८ चं शेवटी शिसे-२०६ होतं, अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षं. २३५ चं शिसे-२०७ होतं, अर्धायुष्य ७०.४ कोटी. म्हणजे एकाच मनगटावर दोन घड्याळं, एक संथ आणि एक घाईतलं. समजा दाणा १०२ कोटी वर्षांचा आहे. तर २३८ चे १०० अणू शिल्लक असतील तिथे शेजारी शिसे-२०६ चे १७ असायला हवेत. आणि २३५ चे १०० शिल्लक असतील तिथे शिसे-२०७ चे १७३. दोन्ही हिशेब १०२ कोटींवर आले तर दाण्यावर विश्वास ठेवायचा. नाही आले तर मधल्या काळात शिसं गळालंय, किंवा दाण्याचा गाभा जुना आणि वरचा पापुद्रा नवा आहे आणि मोजायला मारलेला लेझर नेमका दोघांच्या सीमेवर पडलाय. असे दाणे हिशेबातून काढून टाकतात. किती फरक चालवून घ्यायचा यावर प्रत्येकाचं वेगळं मत, बरेच जण १० टक्क्यांवर रेघ मारतात.

फाउंड्रीवाला

कोल्हापूरहून रामराम. झिरकॉन म्हटल्यावर थांबलो, कारण आमच्याकडे झिरकॉनचं पीठ पोत्याने येतं. स्टीलच्या कास्टिंगला साच्याला आतून लेप देतो त्याचा, म्हणजे वितळलेला धातू वाळूत घुसत नाही. ते हेच का? पोतं आकाराने लहान दिसतं आणि उचलायला गेलं की कंबर धरते.

गारगोटी

हेच! घनता ४.६ ते ४.७, साध्या वाळूची २.६५. तुमची कंबर धरते त्याच गुणावर आम्ही तो दाणा शोधतो. तुमचं पीठ किनाऱ्यावरच्या वाळूतून वेगळं काढलेलं असतं. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर झिरकॉन आणि थोरियमवालं मोनाझाइट असं जड सामान लाटांनीच वेचून ठेवलंय. मोनाझाइटचंही वय याच पद्धतीने काढतात.

सांजवात

विज्ञान दहावीनंतर सोडलंय तरी वाचतेय. दगडातून तो दाणा हाताला लागतो कसा ते सांगाल का? म्हणजे खरोखर काय करता?

गारगोटी

सांजवात, हे मला कुणी विचारत नाही. सगळ्यांना फक्त आकडा हवा असतो.

दोन-चार किलो दगड घ्यायचा. धुऊन, हातोड्याने फोडून, जबड्याच्या क्रशरमधून काढून मग चक्कीत वाळूइतका बारीक करायचा. पीठ करायचं नाही, दाणे तुटतात. मग पाण्यावर धुवायचं. सराफकट्ट्यावरची धूळ झाडून नेऊन तिच्यातून सोनं काढणारे झारेकरी पाहिलेत का कधी? पसरट भांडं गोल फिरवायचं, हलकं पाण्याबरोबर कडेवरून जातं, जड तळाशी चंद्रकोरीसारखं उरतं. आमच्याकडे त्यासाठी हलणारं टेबल असतं, पण मी शिकले ती हाताने. नंतर चुंबक: लोहाचं काळं सामान त्याला चिकटून जातं. मग उरलेलं जड द्रवात सोडायचं. मेथिलीन आयोडाइडची घनता ३.३, त्यात गारगोटी आणि फेल्डस्पार तरंगतात, झिरकॉन बुडतो. हातमोजे घालून, धुराड्याखाली.

चार किलो दगडातून शेवटी उरतं ते चिमूटभर, तपकिरीएवढं. ते दुर्बिणीखाली काचेवर पसरायचं आणि सुईच्या टोकाने एकेक दाणा ओळीत लावायचा. काही दाणे लांबट, दोन्ही टोकांना पिरॅमिड, पाण्यासारखे लख्ख. काही फिकट गुलाबी. काही घासून घासून साबुदाण्यासारखे गोल झालेले. हे गोल बहुतेक दोन-तीन खडकांतून फिरून आलेले असतात. सुंदर तेवढे उचलायचा मोह होतो आणि तोच करायचा नाही, नाहीतर निकाल सौंदर्यस्पर्धेचा लागतो. मग रेझिनमध्ये गोठवून अर्ध्यापर्यंत घासायचे, आतली वलयं दिसतील असा फोटो काढायचा, आणि ३० मायक्रॉनचा लेझर मारायचा. दाण्यात एवढंसं भोक पडतं आणि अर्ध्या-एक मिनिटात वय हातात. असं शंभरावर दाण्यांचं. मिश्रणात एखादा डोंगर अगदी ५ टक्के वाट्याचा असेल तरी तो सुटू नये याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११७ दाणे मोजा, असा हिशेब २००४ मध्ये मांडला गेला. तेव्हापासून ११७ हा आकडा आमच्यात जपमाळेतल्या १०८ सारखा झालाय.

आजीची_भाजणी

वाचताना सारखी गिरणी डोळ्यांसमोर येतेय. उपासाचं दळण नेलं की आमची आई विचारायची, आधी काय दळलंय? कारण आधीच्याचं पीठ थोडं येतंच. तुमच्या चक्कीत नाही का येत?

गारगोटी

काय नेमकं विचारलंत हो. याच चुकीने माझे दोन दिवस आणि अब्रू खाल्ली होती.

पीएचडीला असताना विंध्यातल्या (म्हणजे मध्य भारतातल्या जुन्या गाळखडकांच्या थप्पीतल्या, ढोलपुरीही त्यातलाच) एका वाळूखडकाचे दाणे मोजत होते. रात्री पावणेदोनला पडद्यावर एक वय उमटलं: ५ कोटी ८० लाख वर्षं. शंभर कोटी वर्षांच्या खडकात! पुढे आणखी दोन. तिन्हीत दोन्ही घड्याळं जुळत होती. मी उड्या मारत गाइडना पहाटे मेल केला की विंध्य आता नव्याने लिहायला लागणार. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "क्रशर तुझ्या आधी कुणी वापरला?"

वही उघडली. माझ्या आदल्या दिवशी एका मुलाने लडाखचा ग्रॅनाइट फोडला होता. लडाखच्या ग्रॅनाइटचं वय? सहा कोटींच्या आतबाहेर. जबड्याच्या प्लेटमागे फट असते, तिथे ब्रश पोचत नाही. त्यानंतर मी प्लेटा खोलून, घासून, आधी नुसती गारगोटी दळून मगच नमुना घालायचे. अगदी तुमच्या आईसारखं.

शंकासुर

म्हणजे ज्या "सगळ्यात तरुण" दाण्यावर सगळा डोलारा, तोच दुसऱ्याच्या दळणातला असू शकतो. मग एका दाण्यावर कोण भरवसा ठेवणार?

गारगोटी

शहाणे ठेवत नाहीत. निदान तीन दाणे एकाच वयाचे हवेत आणि तेही एकाच गठ्ठ्यात फोडलेले असतील तर (माझे तीन आठवा) दुसऱ्यांदा नवा दगड आणून बघायचा.

मुक्काम_जोधपूर

बँकेच्या बदलीने राजस्थानात आहे. तुम्ही गेटच्या दगडाला शंभर कोटी म्हणालात. पण वर तुम्हीच सांगितलंत की सर्वांत तरुण दाण्यावरून फक्त "याच्याआधी नाही" एवढं कळतं. खडक त्यानंतर कितीही उशिरा बनलेला असू शकतो ना? शंभरचा पन्नास का नाही?

गारगोटी

पकडलंत. हेच ते भांडण, आणि ते तुमच्या गावाशेजारीच चालू आहे.

ढोलपूरचा दगड विंध्य समूहातल्या सगळ्यात वरच्या, भांडेर थरांतला. राष्ट्रपती भवनालाही त्या भागातलाच दगड आहे. पूर्वी हे वरचे थर ५०-६० कोटी वर्षांचे असतील असं बरेच जण धरून चालायचे. २००८ मध्ये राजस्थानातल्या वरच्या भांडेर वाळूखडकाचे झिरकॉन मोजले गेले आणि सर्वांत तरुण गट आला सुमारे १०२ कोटींचा. आता तुमचा प्रश्न: त्यानंतर कधीही साचला असेल की? तर युक्तिवाद असा. शेजारी मारवाडात मलानीचे ज्वालामुखी खडक आहेत, सुमारे ७५ ते ७७ कोटी वर्षांचे. तुमचा मेहरानगड त्याच्यावरच उभा आहे. त्यावर साचलेल्या मारवाडच्या वाळूखडकांत १०० कोटींपेक्षा तरुण दाणे सापडतात. भांडेर जर त्या सुमारास साचत असता, तर एवढ्या जवळून एकही दाणा आला नसता का? जोडीला आणखी एक पुरावा. पन्नाजवळ मझगवाँला हिऱ्याची खाण आहे. तिथला हिरेवाहू खडक विंध्याचे काही थर फोडून वर आलाय आणि त्याचं वय साधारण १०७ कोटी. त्याच्यात गोठलेली पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकत्वाची दिशा आणि भांडेर थरांतली दिशा बरीच जुळते, म्हणून काळही जवळचा असावा.

शंकासुर

"एकही दाणा आला नसता का" हा पुरावा आहे की हुंकार? नदी दुसरीकडून येत असेल. पुण्यातल्या मुठेत गंगेची वाळू नाही म्हणून गंगा नव्हती असं म्हणणार का?

गारगोटी

विरोधक हेच म्हणतात, आणि त्यांना मी वेड्यात काढणार नाही. माझा कल शंभर कोटींकडे आहे. पण काकांना सांगताना मी "आसपासचा असावा" म्हटलं होतं, ते उगीच नाही.

खालच्या विंध्याची गोष्ट मात्र पक्की आहे, कारण तिथे नशीब आडवं आलं. १९९८ मध्ये सोन नदीच्या खोऱ्यातल्या चोरहट वाळूखडकात किड्याने बीळ केल्यासारख्या खुणा सापडल्याचं प्रसिद्ध झालं. प्राणी, तेही शंभर कोटी वर्षांपूर्वी! त्याच वर्षी तिथल्याच चुनखडकातून छोट्या कवचांचे जीवाश्म मिळाल्याचा दावा झाला. तशी कवचं जगभर साधारण ५४ कोटी वर्षांपासून दिसतात. म्हणजे एकाच खोऱ्यात एक जण म्हणतोय प्राणी खूप आधी आले, दुसरा म्हणतोय खडकच तरुण आहेत. ग्लॉकोनाइट नावाच्या हिरव्या खनिजाची वयं होती, ते समुद्रतळावरच बनतं म्हणून सोयीचं. पण त्याचं वय ज्या आर्गॉन वायूवरून काढतात तोच ते गळू देतं आणि वय कमी दाखवतं.

सुटका केली राखेने. त्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे आहेत, चिनी मातीसारखे कडक. राखेतला झिरकॉन उद्रेकाच्या जरा आधी बनतो आणि थेट आकाशातून त्या थरावर पडतो, नदीचा फेरा नाही. इथे वीट आणि भिंत एकाच दिवशीची. २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी तो मोजला आणि दोघांचंही उत्तर आलं सुमारे १६३ कोटी वर्षं. वाद तिथेच मिटला. बिळं प्राण्यांची नसावीत असं बहुतेकांचं मत झालं. २००९ मध्ये त्या चुनखडकातले जीवाश्म पुन्हा तपासले तेव्हा ते खरे निघाले, फक्त ते प्राणी नव्हते, शैवालासारख्या फार जुन्या जीवांचे धागे आणि नळ्या होत्या. ज्यांनी ते सापडवले त्यांना दहा वर्षं काय काय ऐकून घ्यावं लागलं, तो वेगळा धागा होईल.

भटका_गिरिजन

भीमबेटका पण विंध्यातच ना? तिथे मधे कसलासा जीवाश्म सापडल्याची बातमी होती.

गारगोटी

हो, हरिभाऊ वाकणकरांच्या भीमबेटकालाच. २०२० च्या मार्चमध्ये काही परदेशी संशोधक गुहा बघायला गेले होते. छताजवळ त्यांना पानासारखी, मधोमध शीर असलेली आकृती दिसली. डिकिन्सोनिया, ५५ कोटी वर्षांपूर्वीचा जीव! म्हणजे वरचा विंध्य तरुण ठरला आणि आमच्या १०२ कोटींच्या दाण्यांना पुन्हा उभं राहून उत्तर द्यावं लागलं. मग दुसरा गट तिथे गेला. तोवर "जीवाश्म" सोलून निघत होता. शेजारी ताजी आग्या मोहोळं लटकलेली, आणि हे होतं एका जुन्या पोळ्याचा उरलेला ठसा. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पहिल्या गटाच्या प्रमुखाने चूक मान्य केली. त्याबद्दल त्यांना माझा सलाम, आमच्या क्षेत्रात हे रोज घडत नाही.

भटका_गिरिजन

=)) मोहोळ! बरं, आपल्या सह्याद्रीत असं काही करता येतं का? आपला सगळा काळा पत्थर.

गारगोटी

बेसाल्टमध्ये सिलिका कमी, त्यामुळे झिरकॉन जवळजवळ नसतोच. पण घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांमध्ये विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा दिसतो ना, तो बघ. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा यायच्या मधे वरचा भाग कुजून झालेली ती माती. अशा काही पट्ट्यांत त्या शांत काळात उडून आलेली राख आहे आणि राखेत झिरकॉन. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये त्यावरून दाखवलं की दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य भाग डायनासोर संपायच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गोष्टीत लाखाच्या हिशेबात बोलता येतं ते त्या तांबड्या मातीतल्या दाण्यांमुळे. आणि हो, तिथेही तोच प्रश्न: दाणा राखेतला की वाऱ्याने आणलेला जुना? म्हणून तिथेही एकेक करून बघावा लागतो.

मुक्काम_जोधपूर

रविवारी मेहरानगडाच्या पायथ्याशी जाऊन आलो. खाली लालसर-चॉकलेटी कठीण दगड आणि त्यावर आडव्या थरांचा वाळूखडक, दोघांमधली रेघ बोट ठेवता येईल इतकी स्पष्ट. तीन वर्षं रोज बघत होतो, दिसली आज.

फाउंड्रीवाला

मी एक उद्योग केला. आमच्या दुकानाच्या पायरीचा ढोलपुरी तुकडा निघाला होता, तो कुटला आणि परातीत धुतला. तळाशी काळी रेघ राहिली. लोहचुंबक फिरवल्यावर बरीच काळी कच उचलली गेली. उरलेलं भिंगाने बघतोय. चमकतंय काहीतरी, पण ते झिरकॉन की काय ते ओळखायचं कसं?

गारगोटी

दहापटीच्या भिंगाने अवघड, पण जमेल. उन्हात काळ्या कागदावर टाका. गारगोटी काचेसारखी दिसेल, झिरकॉन हिऱ्यासारखा टोचेल डोळ्याला. लांबट आणि दोन्ही टोकं निमुळती असतील तर बहुधा तोच. पण एक सांगा, तो दगड कुटला तो खल कारखान्यातला का? तिथे झिरकॉनचं पीठ उडत असतं.

फाउंड्रीवाला

...खल कारखान्यातलाच. घरचा मागितला तर बायको नाही म्हणाली.

आजीची_भाजणी

आधी काय दळलं होतं ते विचारायचं राहिलं की हो तुमचं!